कुक्कुटपालनातील कीडनियंत्रण : सुगंधी तेले

वनस्पतींची पाने, फुले किंवा गवत वाफेवर ऊर्ध्वपातित करून मिळणारी, हवेत उडून जाणारी तेले वापरून कोंबड्यांच्या अंगावरच्या व शेडमधल्या किडी आटोक्यात ठेवण्याची पद्धत. लवंग, गवती चहा, निलगिरी, सिट्रोनेला आणि रोशा ही यातली नेहमीची तेले. कडुनिंबाचे व करंजाचे तेल बियांतून पिळलेले, न उडणारे. ते या वर्गात येत नाही, दुकानात सगळेच 'हर्बल' म्हणून एका फळीवर मांडलेले असले तरी.

रोशा तर खानदेशचेच. सातपुड्याच्या उतारांवरच्या रोशा गवताचे (तिखाडी) तेल एकोणिसाव्या शतकात येथून मुंबईमार्गे तुर्कस्तानापर्यंत जाई आणि गुलाबाच्या अत्तरात भेसळीला वापरले जाई. त्याच्या 'मोतिया' जातीत जिरॅनिऑल हा सुगंधी घटक भरपूर असतो, आणि कीड पळवण्याचे काम मुख्यतः तेच करते.

तेल किडीच्या अंगावरच्या मेणकट थरातून आत शिरते व चेतासंस्था बिघडवते. पण ज्याला लागले तेच मरते, आणि दोन-तीन दिवसांत असर संपतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांवर गेला की त्याहूनही लवकर. म्हणून तेल कोणते यापेक्षा ते कुठे आणि कधी मारले याला जास्त महत्त्व.

लाल माइट (आठ पायांची, कीटक नव्हे) व गोचीड रात्री रक्त पितात आणि दिवसा फटीत दडतात. दिवसा कोंबडी तपासून काही सापडत नाही. बसायच्या दांडीचा सांधा सुरीने खरवडावा. राखाडी पूड आणि दाबल्यावर रक्ताचा डाग दिसला की माइट समजावी. फवारा तिथेच, फटीत नळी घालून द्यायचा. उवांचे बिऱ्हाड मात्र कायम पिसांत, त्यामुळे शेड कितीही फवारले तरी त्या जात नाहीत.

शेडसाठी 1 टक्का द्रावण : 10 मिली तेल आणि 10 मिली पॉलिसॉर्बेट-80 (तेल पाण्यात मिसळवणारा द्रव) आधी एकत्र घोटावे, मग ढवळत थोडे थोडे पाणी घालून 1 लिटर करावे. दुधाळ झाले पाहिजे. तेल थेट पाण्यात ओतले तर वर तरंगते आणि शेवटच्या फवाऱ्यात निखळ तेल येऊन कोंबडीची कातडी भाजते. द्रावण त्याच दिवशी संपवावे. किडींची अंडी फवाऱ्यातून वाचतात, म्हणून माइटसाठी 5 ते 7 दिवसांनी, उवांसाठी 10 दिवसांनी पुन्हा मारावे. अंगावर लावायचे तर अर्ध्या टक्क्याच्या वर नाही, तेही कापडाने शेपटीखाली व पंखांखाली, आणि आधी चार-पाच कोंबड्यांवर एक दिवस पाहून. ब्रूडरमधल्या (ऊब देण्याच्या जागेतल्या) पिल्लांजवळ फवारू नये. वाफेने त्यांचा श्वास कोंडतो. अंड्यांवर उडाले तर वास लागतो.

कपाशीला वापरलेला पंप कोंबड्यांच्या शेडमध्ये आणणे ही इकडची नेहमीची चूक. टाकीतले उरलेले कीटकनाशक तेलाआधी कोंबड्यांना बाधते. तेलाने पंपाचे रबरी वायसरही फुगतात, तेव्हा काम झाल्यावर साबणाच्या पाण्याने पंप धुवावा.

ब्रॉयलरची बॅच सहाएक आठवड्यांची, तिथे माइट क्वचित. त्रास गादीतल्या (जमिनीवर अंथरलेल्या भुशातल्या) काळ्या भुंगेऱ्यांचा. गादी उचलली की ती थंड होते आणि भुंगेरे भिंतीवर, जमिनीच्या भेगांत चढतात. तेल त्याच दिवशी, भिंतीच्या तळाशी हातभर पट्टा ओला होईल असे मारावे. दुसऱ्या दिवशी उशीर झालेला असतो. माशांच्या अळ्या विष्ठेच्या खोलात असतात, तिथे तेल पोचत नाही. विष्ठा कोरडी ठेवणे आणि पाणी पिण्याची गळकी निपल दुरुस्त करणे हाच उपाय.

शुद्ध तेलाचा थेंब कागदावरून डाग न ठेवता उडतो. डाग राहिला तर गोडेतेल मिसळलेले. टर्पेंटाइनची भेसळ मात्र या चाचणीत सापडत नाही. 2017 मध्ये नेदरलँड्स-बेल्जियममध्ये निलगिरी व मेंथॉलचे म्हणून लाल माइटसाठी विकलेल्या औषधात फिप्रोनिल हे रासायनिक कीटकनाशक निघाले आणि लाखो अंडी नष्ट करावी लागली. घटक न छापलेली बाटली, कितीही गुणकारी ठरली तरी, अंड्यांच्या शेडमध्ये नेऊ नये. नंदुरबार जिल्ह्यातला नवापूर परिसर 2006 पासून बर्ड फ्लूशी परिचित आहे. या तेलांना शेडच्या निर्जंतुकीकरणाचा पर्याय धरू नये, ते काम वेगळ्या औषधांचे.