सेंद्रिय कापूस वेगळा, सेंद्रिय कापड वेगळं

शंभर टक्के कॉटन म्हणजे काय, हे सांगत बसत नाही. खादी म्हणजे सेंद्रिय असंही नाही. खादीची अट हातकताई आणि हातमागाची, कापूस बीटी, म्हणजे जनुकीय बदल केलेल्या वाणाचा, असला तरी चालतो. खरा घोटाळा होतो तो सेंद्रिय कापूस आणि सेंद्रिय कापड यांत.

कापूस सेंद्रिय की नाही, हे शेतात ठरतं. रासायनिक खत-फवारणी बंद, बीटी बियाणं बंद, शिवाय पेरणीआधी रासायनिक शेतीतून सेंद्रियकडे रूपांतराची साधारण दोन वर्षं. माती सुधारते, विहिरीत विष उतरत नाही. आरोग्याचा लाभ मात्र पहिला फवारणाऱ्याला. डोक्याएवढ्या पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, शिरून पंप मारताना औषध नाकातोंडातच जातं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात अशा विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. जाहिरातीत मात्र बाळाची नाजूक त्वचा!

त्या त्वचेचा प्रश्न प्रोसेस हाऊसमध्ये, म्हणजे कापड धुऊन-रंगवून तयार होतं त्या कारखान्यात, सुटतो किंवा बिघडतो. ब्लीच, रंग, सॉफ्टनर, चुरगळू नये म्हणून फॉर्माल्डिहाइडचं रेझिन, हे सगळं तिथे चढतं, आणि सेंद्रिय कापसावरही चढू शकतं. उलट शेतातलं औषध कॉस्टिक सोड्यात उकळून आलेल्या कापडात फारसं उरत नाही. तेव्हा कपड्याने पुरळ उठलं, तर आधी रंग-रसायनांवर संशय घ्यावा. आणि ‘मऊ लागतं, म्हणजे ऑरगॅनिकच’ हे तर ऐकवत नाही. मऊपणा तंतूचा आणि सॉफ्टनरचा.

टॅगवरही हाच घोळ. ओसीएसचा (ऑरगॅनिक कंटेंट स्टँडर्ड) शिक्का फक्त सेंद्रिय कापूस किती हे सांगतो, रंगाऱ्याला काही विचारत नाही. ओको-टेक्स स्टँडर्ड १०० तयार कपड्यात घातक अंश तपासतं, कापूस बीटी असला तरी त्याची हरकत नसते. जीओटीएस (ग्लोबल ऑरगॅनिक टेक्स्टाइल स्टँडर्ड) शेताचं सेंद्रिय प्रमाणपत्रही मागतं आणि प्रोसेस हाऊसही तपासतं: ‘ऑरगॅनिक’ लिहायला किमान ९५ टक्के सेंद्रिय तंतू लागतो, क्लोरीन ब्लीच चालत नाही, सांडपाण्याचाही हिशेब द्यावा लागतो. माझं मत विचाराल तर नुसत्या ओसीएसच्या भडक छापील झबल्यापेक्षा ओको-टेक्सचं साधं सुती झबलं बरं. शेतकऱ्याचा विचार असेल तर ओको-टेक्स कामाचं नाही.

सेंद्रिय कापसाने पाणी वाचतं, असे आकडे वाचताना एवढंच लक्षात असू द्या, की विदर्भातला बहुतेक कापूस कोरडवाहूच आहे, सेंद्रिय असो वा नसो.

दुकानदार नुसतं ‘ऑरगॅनिक आहे हो’ म्हणाला, तर टॅगवर प्रमाणन संस्थेचं नाव आणि परवाना क्रमांक शोधा. नसेल, तर साध्या कॉटनचाच भाव द्या.