रिओ ग्रँड सदर्न रेल्वे
रिओ ग्रँड सदर्न रेल्वे : अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याच्या नैर्ऋत्य भागात, सान वान पर्वतराजीतून १८९१ ते १९५१ या काळात चालू असलेला आणि आता मोडीत निघालेला लोहमार्ग. दोन रुळांमधील अंतर ३ फूट (९१४ मिमी.), लांबी १६२ मैल (सु. २६१ किमी.). उत्तरेचे टोक रिजवे, दक्षिणेचे डुरँगो. वाटेत प्लेसरव्हिल, ओफिर, रिको, डोलोरेस, मँकोस ही गावे. टेल्युराइडच्या खाणींसाठी वेगळा फाटा होता.

हा मार्ग इतका लांब का झाला, याचे उत्तर जेमतेम ८ मैलांच्या एका घळीत आहे. डेन्व्हर अँड रिओ ग्रँड कंपनीची गाडी १८८२ मध्ये दक्षिणेकडून सिल्व्हरटनला आणि १८८७ मध्ये उत्तरेकडून यूरेला पोहोचली होती. ही दोन्ही गावे एकाच डोंगराच्या दोन अंगांना. सिल्व्हरटनहून रेड माउंटनच्या खाणी ओलांडून आयर्नटनपर्यंत रूळ नेण्याचे काम ऑटो मिअर्स याने केले. रशियन साम्राज्यातील कूरलँडमध्ये जन्मलेला, लहानपणीच पोरका होऊन अमेरिकेत आलेला हा माणूस डोंगरात टोलचे रस्ते बांधून श्रीमंत झाला होता. आपल्या रेल्वेचे मानाचे पास तो चांदीच्या जाळीदार नक्षीत घडवून घेई. आयर्नटन ते यूरे ही घळ मात्र त्यालाही हार गेली नाही. घोडागाडीचा रस्ता तेथे कसाबसा कोरता आला, पण आगगाडीला झेपेल असा चढ मिळेना. तेव्हा मिअर्सने सगळ्या पर्वतरांगेलाच पश्चिमेकडून वळसा घालायचे ठरवले. त्यासाठी रिओ ग्रँड सदर्न कंपनी ऑक्टोबर १८८९ मध्ये स्थापन झाली, पुढच्या वर्षी दोन्ही टोकांकडून काम सुरू झाले आणि डिसेंबर १८९१ मध्ये रिकोच्या दक्षिणेस रूळ जुळले. डोंगरी मुलुखात हा वेग थक्क करणारा होता. मात्र घाईचे आणि काटकसरीचे बांधकाम पुढे कंपनीला जन्मभर पुरले.

मार्गावर चार टक्क्यांपर्यंतचे, म्हणजे २५ फुटांत एक फूट असे चढ होते. सर्वोच्च ठिकाण लिझर्ड हेड खिंड, १०,२५० फूट (सु. ३,१२४ मी.). तेथे हिवाळ्यात बर्फ इतके साचे की इंजिन वळवण्याच्या जागेवर लाकडी छप्पर उभारावे लागले होते. खिंडीच्या उत्तरेला ओफिरचे वळण. दरीच्या एका कडेने चढत आलेली गाडी उंच लाकडी पुलांवरून पलीकडे जाई, तेथे उलटी फिरे आणि समोरच्या कडेने आणखी वर चढू लागे. प्रवाशाला मघाशी आपण जेथून आलो तो रूळ पायाखाली दिसे. अमेरिकेतील अरुंद रुळांच्या मार्गांवर याहून धाडसी आखणी क्वचितच सापडेल.

सगळी मदार चांदीवर होती आणि चांदी दोन वर्षांतच कोसळली. २६ जून १८९३ रोजी हिंदुस्थान सरकारने मुंबई आणि कलकत्ता येथील टाकसाळींत लोकांनी आणलेल्या चांदीचे रुपये पाडून देणे बंद केले. चांदीचे जगातले एक मोठे गिऱ्हाईक एका दिवसात गेले, भाव गडगडले आणि कोलोरॅडोतील खाणी धडाधड बंद पडल्या. अमेरिकी सरकारला दरमहा चांदी विकत घ्यायला लावणारा शर्मन कायदाही त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रद्द झाला. तोवर कंपनी न्यायालयाने नेमलेल्या प्रशासकाच्या हाती गेली होती. मिअर्सचा ताबा सुटला आणि मार्ग डेन्व्हर अँड रिओ ग्रँडच्या पंखाखाली आला.

तरीही गाड्या चालू राहिल्या. टेल्युराइडच्या खाणींत सोनेही होते, त्याने बरेच तारले. शिवाय डोलोरेसकडचे लाकूड, डुरँगोजवळचा दगडी कोळसा आणि शरद ऋतूत डोंगरातून खाली न्यायची मेंढरे. उत्पन्न येई ते पूल आणि भराव दुरुस्त करण्यात जाई. १९०९ मध्ये ट्राउट लेकचा बांध फुटला आणि सॅन मिगेल नदीकाठचा मार्ग वाहून गेला.

१९२९ मध्ये कंपनी पुन्हा प्रशासकाकडे गेली. नवा प्रशासक व्हिक्टर मिलर याच्यापुढे सरळ हिशेब होता : वाफेचे इंजिन, चालक, आगवाला आणि गार्ड यांच्या खर्चाइतके प्रवासी नव्हते, गाडी बंद करावी तर टपाल वाहून नेण्याचे सरकारी कंत्राट जाई. १९३१ मध्ये रिजवेच्या कारखान्यात एका जुन्या ब्यूइक मोटारीला रुळांवरची चाके बसवून मागे मालाची पेटी जोडण्यात आली. पुढच्या बहुतेक गाड्यांना पिअर्स-अ‍ॅरो या उंची मोटारींची अंगे मिळाली. एकच माणूस गाडी हाकी, तिकिटे फाडी, टपालाच्या थैल्या उतरवी. खडबडीत रुळांवर ही गाडी डुलत चाले, भोंगा कर्कश वाजे आणि इंजिन थंड राहावे म्हणून उघडी ठेवलेली झाकणे पंखांसारखी दिसत. लोकांनी तिला ‘गॅलपिंग गूस’, म्हणजे उधळलेली हंसीण, म्हणायला सुरुवात केली. कंपनी कागदोपत्री नुसते ‘मोटर’ लिहीत असे. एकूण सात गाड्या बांधल्या गेल्या आणि त्यांनी मार्गाचे आयुष्य वीस वर्षांनी वाढवले, असे म्हणायला हरकत नाही.

दुसऱ्या महायुद्धात या भागातील व्हॅनेडियम आणि युरेनियम यांना एकाएकी महत्त्व आले. अणुबाँब प्रकल्पासाठीचा कच्चा माल याच डगमगत्या पुलांवरून गेला, म्हणून सरकारने कंपनीला तगवून ठेवले. युद्ध संपल्यावर ट्रकनी बाजी मारली. १९५० मध्ये टपालाचे कंत्राट गेले. मोटरींना खिडक्या नि बाके बसवून, अंगावर धावती हंसीण रंगवून पर्यटक फिरवण्याचा प्रयोग झाला, पण तो थोडा काळच टिकला. १९५१ मध्ये वाहतूक थांबली. १९५२ मध्ये मार्ग बंद करायला मंजुरी मिळाली आणि रूळ उखडण्यात आले.

राज्य महामार्ग १४५ आज या मार्गाच्या बऱ्याच भागाजवळून जातो. ट्राउट लेकजवळ एक लाकडी पूल आणि पाण्याची टाकी उभी आहे. २, ६ आणि ७ क्रमांकांच्या मोटरी गोल्डन येथील कोलोरॅडो रेल्वे संग्रहालयात आहेत. तेथेच कंपनीचे २० क्रमांकाचे वाफेचे इंजिन २०२० मध्ये दुरुस्त होऊन पुन्हा चालू झाले. ५ क्रमांकाची मोटर डोलोरेसला असते आणि अधूनमधून शेजारच्या पर्यटन-रेल्वेच्या रुळांवर धावते.