वास गेला, धूळ राहिली

नवं कपाट घरी आलं की सुरुवातीला त्याचं दार उघडताच डोळे चुरचुरतात. काही आठवड्यांत वास ओसरतो आणि आपणही तो विषय विसरतो. डोळ्यांना झोंबणारा तो वायू बऱ्याचदा फॉर्मल्डिहाइड असतो. लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्या ज्या रासायनिक गोंदाने चिकटवतात, त्यातून तो झिरपतो. उकाड्यात आणि दमट हवेत जास्तच. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं. पहिला गट म्हणजे पुरावा पक्का, एवढंच. धोका किती ते मात्रेवर ठरतं. जागतिक आरोग्य संघटनेची घरातल्या हवेसाठीची मर्यादा अर्ध्या तासाच्या सरासरीला घनमीटरमागे ०.१ मिलिग्रॅम आहे.

तरी अशा उडून जाणाऱ्या रसायनांचं एक बरं असतं, खिडक्या उघड्या ठेवल्या की ती बरीचशी निघून जातात. मला जास्त काळजी वाटते ती नाकाला पत्ताच न लागणाऱ्यांची.

सोफ्याच्या फोममध्ये, टीव्हीच्या प्लास्टिकच्या खोक्यात आग लवकर पसरू नये म्हणून काही रसायनं मिसळतात. पीव्हीसी प्लास्टिक मऊ राहावं म्हणून थॅलेट नावाची रसायनं घालतात. यातली बरीच रसायनं मूळ पदार्थाशी जोडलेली नसतात, नुसती त्यात कोंबलेली असतात. पोतं विरलं की धान्य सांडतं, तशी ती वर्षानुवर्षं बाहेर पडतात आणि धुळीला चिकटतात. कातडीचे खवले, कपड्यांचे तंतू, काजळी, चपलांबरोबर आलेली माती असं सगळं त्या धुळीत असतंच. घरात ऊन कमी, पाऊस नाही, जिवाणूही फारसे नाहीत. त्यामुळे बाहेर जे विघटित झालं असतं ते आत टिकतं. अमेरिकेने डीडीटी या कीटकनाशकाचा वापर १९७२ मध्ये बंद केला. तीसेक वर्षांनी तपासलं तरी तिथल्या घरांच्या जमिनीवर ते सापडलं.

आगरोधक रसायनांची कथा तर चीड आणणारी आहे. १९७७ मध्ये आर्लीन ब्लम आणि ब्रूस एम्स या अमेरिकी शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की लहान मुलांच्या रात्रीच्या कपड्यांत वापरलं जाणारं ‘ट्रिस’ हे आगरोधक जनुकांत बदल घडवतं. त्याच वर्षी अमेरिकेत कपड्यांतल्या त्याच्या वापरावर बंदी आली. त्याच्या क्लोरीनवाल्या भावंडालाही कपड्यांतून हाकललं गेलं, पण ते पुढे सोफ्याच्या फोममध्ये जाऊन बसलं. मधल्या काळात पीबीडीई नावाचा आगरोधकांचा दुसरा गट वापरात होता. लवकर न विघटित होणाऱ्या घातक रसायनांवरच्या स्टॉकहोम या आंतरराष्ट्रीय करारानुसार त्यातल्या काहींवर २००९ मध्ये आणि त्याच गटातल्या डेका-बीडीईवर २०१७ मध्ये जागतिक बंधनं आली. एकाला दाराबाहेर काढायचं आणि त्याच्याच नात्यातल्याला आत घ्यायचं, असं हे चाललं आहे.

ही धूळ शरीरात जाते ती मुख्यतः हातांवाटे. म्हणून रांगतं बाळ सगळ्यात आधी सापडतं: हात जमिनीवर, मग तोंडात, आणि वजन जेमतेम आठ-दहा किलो. जुन्या घरांत शिशाचा रंग असेल तर खिडकी घासली जाऊन त्याचीही भुकटी पडते. मुलांच्या मेंदूसाठी शिशाची कुठलीही सुरक्षित पातळी सापडलेली नाही.

बाळासारखीच जमिनीलगत राहणारी आणि दिवसभर अंग चाटणारी मांजर. अमेरिकेत २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाळीव मांजरांच्या रक्तातलं पीबीडीई तिथल्या प्रौढ माणसांच्या मध्यम पातळीच्या २० ते १०० पट निघालं. मांजरांतला थायरॉइडचा अतिरेक हा आजार १९७९ मध्ये पहिल्यांदा नोंदवला गेला. त्याचं मूळ या रसायनांत आहे असा संशय आहे, पण तो सिद्ध झालेला नाही.

उपाय अगदीच साधे आहेत. झाडूने धूळ हवेत उडते, म्हणून ओल्या फडक्याने पुसावं, चपला दाराशी काढाव्यात, जेवणाआधी मुलांचे हात धुवावेत.

आणि नव्या कपाटाचा वास घालवायला लिंबाच्या सुगंधाचा फवारा मारू नये. त्यातल्या, लिंबाचा वास देणाऱ्या लिमोनीनची हवेतल्या ओझोनशी गाठ पडली की जे पदार्थ तयार होतात, त्यांत फॉर्मल्डिहाइडही असतं.