हस्तलिखित घेऊन जायचं कुठे? खानदेशातल्या ग्रंथप्रकाशनाची पार्श्वभूमी

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत आज भरपूर लिहिलं जातं. शिक्षक लिहितात, शेतकरी लिहितात, निवृत्त झालेले पोस्टमास्तर आठवणी लिहून काढतात. वही भरली की सगळ्यांपुढे एकच पेच असतो. पुण्या-मुंबईच्या प्रकाशकाकडे टपालाने पाठवायची आणि वर्षभर उत्तराची वाट पाहायची, की जवळच्या कुणाला पैसे देऊन दोन महिन्यांत पुस्तक हातात घ्यायचं? हा पेच नवा वाटतो, पण त्याची मुळं सव्वाशेहून अधिक वर्षं मागे जातात. पुस्तकात पैसे कोण घालतो आणि छापल्यावर ते कोणाचं राहतं, हे दोन प्रश्न प्रत्येक पिढीत पुन्हा आले आहेत.

सुरुवात पुस्तकापासून झालीच नाही, मासिकापासून झाली. १८८७ मध्ये जळगावात नारायण नरसिंह फडणीस यांनी ‘काव्यरत्नावली’ सुरू केलं. फक्त कवितेला वाहिलेलं मासिक, आणि तेही पुण्यात नव्हे, जळगावात! ते जवळजवळ अर्धशतक चाललं. केशवसुत, धुळ्यात जन्मलेले कवी विनायक, धरणगावचे बालकवी असे कितीतरी कवी त्यातून वाचकांपर्यंत गेले. कवीने कविता टपालाने पाठवायची, संपादकाने निवडायची, खर्च वर्गणीतून आणि संपादकाच्या पदरातून भागायचा. कवीला पैसे मिळत नसत, पण त्याच्याकडून कोणी घेतही नसे. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते, कारण निवड करणारा आणि पदरमोड करणारा माणूस एकच होता. ज्याचे पैसे अडकलेले असतात तो डोळ्यांत तेल घालून वाचतो.

१९०७ मध्ये फडणिसांच्याच पुढाकाराने जळगावात कविसंमेलन भरलं. तिथे जेमतेम सतरा वर्षांच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे यांनी कविता म्हटली आणि अध्यक्ष डॉ. कीर्तिकरांनी त्यांना ‘बालकवी’ म्हटलं. नाव तिथून कायमचं झालं. पण पुस्तक? ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनाजवळ रेल्वे अपघातात बालकवी गेले, तोवर त्यांचा एकही संग्रह निघालेला नव्हता. फैजपूरला शिक्षक राहिलेल्या केशवसुतांचंही तेच. ते १९०५ मध्ये गेले आणि त्यांची कविता पुस्तकरूपाने नंतर हरि नारायण आपटे यांनी काढली. मासिकाची वाट कवितेला वाचक द्यायची, कवीला पुस्तक द्यायची नाही. मागे राहिलेल्यांना कात्रणं आणि वह्या गोळा कराव्या लागल्या. आजही पुस्तक काढायचं म्हणून कुणी माझ्याकडे सल्ल्याला आला की मी आधी विचारतो, तुमच्या छापून आलेल्या कविता-कथांचे अंक तुमच्याजवळ आहेत का? निम्म्यांजवळ नसतात.

धुळ्यात तेव्हा वेगळंच घडत होतं. तिथे पुस्तक काढणारी व्यक्ती नव्हती, संस्था होती. शंकर श्रीकृष्ण देव यांनी १८९३ मध्ये सत्कार्योत्तेजक सभा स्थापन केली. समर्थ संप्रदायाची हस्तलिखितं मठामठांतून शोधून ती छापण्याचं काम या सभेने केलं. समर्थशिष्य कल्याणस्वामींच्या हातच्या, डोमगावच्या प्रतीवरून दासबोध १९०५ मध्ये निघाला तो या धुळ्याच्या सभेचा. पुढे इतिहासाचार्य राजवाड्यांचं ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच निधन झालं आणि त्यांचं दफ्तर सांभाळण्यासाठी राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. नव्वदीच्या दशकात राजवाड्यांचं समग्र साहित्य अनेक खंडांत निघालं तेही याच मंडळाकडून. देणग्यांवर चालणाऱ्या या वाटेने जुनं वाङ्मय वाचवलं. जिवंत लेखकाची कादंबरी मात्र या वाटेने जाऊ शकत नव्हती, तो तिचा हेतूही नव्हता.

अमळनेरला साने गुरुजींनी तिसरी वाट दाखवली, आणि ती मला सगळ्यांत जवळची आहे. प्रताप हायस्कूलच्या वसतिगृहात मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचं दैनिक हाताने लिहून काढत. छापखाना नाही, कागद आणि दौत एवढंच भांडवल. मग ‘विद्यार्थी’ मासिक आलं आणि १९३८ मध्ये ‘काँग्रेस’ साप्ताहिक. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली, ती गुरुजींनी लिहून घेतली नसती तर ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक आपल्याला मिळालंच नसतं. ‘श्यामची आई’ १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहून झाली, १९३५ मध्ये छापून आली आणि पुढे वर्षानुवर्षं पुण्याच्या अनाथ विद्यार्थी गृहाकडून, म्हणजे आजच्या पुणे विद्यार्थी गृहाकडून निघत राहिली.

या पुस्तकाच्या निमित्ताने हक्काची मुदत समजून घेता येते. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो. १९९२ पर्यंत ही मुदत ५० होती. गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून २०१० संपलं तसा हक्क संपला आणि २०११ पासून ‘श्यामची आई’ कितीतरी प्रकाशकांनी काढली. साठ वर्षं म्हणजे नातवंडांपर्यंतचा काळ. लेखक बैठकीत चहा पिता पिता ज्या कागदावर सही करतो त्याची पोहोच एवढी लांब असते.

बहिणाबाईंची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, तरी या दृष्टीने ती पुन्हा पाहण्यासारखी आहे. असोद्याची लेक, लिहिता-वाचता न येणारी. शेतात, जात्यावर गाणी रचायची आणि मुलगा सोपानदेव व घरातली माणसं ती टिपून ठेवायची. ३ डिसेंबर १९५१ रोजी त्या गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली, अत्र्यांनी ती डोक्यावर घेतली आणि १९५२ मध्ये पुस्तक त्यांच्या प्रस्तावनेसह निघालं. लेखिकेने स्वतः प्रकाशक निवडला नाही, करार केला नाही, प्रूफ पाहिलं नाही. सोपानदेव स्वतः कवी होते आणि त्यांची मुंबईत ऊठबस होती, म्हणून वही पोहोचली. त्या काळी ज्या घरात सोपानदेव नव्हते त्या घरांतल्या वह्यांचं काय झालं असेल, या विचाराने अजून पोटात कालवतं.

त्यानंतरची तीस वर्षं प्रकाशकाची. यावल तालुक्यातल्या सांगवीच्या भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ १९६३ मध्ये पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने काढली. जळगावात शिकलेल्या ना. धों. महानोरांच्या ‘रानातल्या कविता’ १९६७ मध्ये मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने. अनोळखी खेड्यातल्या पोराच्या पहिल्या पुस्तकावर प्रकाशकाने स्वतःचे पैसे लावले, हे यातलं महत्त्वाचं. पुढे त्याला व्यवहाराचाही आधार मिळाला. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने गावोगावच्या वाचनालयांना अनुदान मिळू लागलं, आज राज्यात अशी हजारो ग्रंथालयं आहेत. हजार-अकराशेची आवृत्ती काढली तर बरीचशी ग्रंथालयांत जाईल, असा हिशोब प्रकाशकाला मांडता यायचा. पण यातून एक समजूतही घट्ट झाली, की पुस्तक म्हणजे पुणे नाहीतर मुंबई. ज्या जळगावातून अख्ख्या महाराष्ट्राला कविता जायची, तिथला लेखक आता तीनशे-चारशे किलोमीटरवर गठ्ठा पाठवू लागला.

१९९० मध्ये जळगावात उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं आणि इथे प्रकाशन व्यवसाय पुन्हा उभा राहिला. आधी क्रमिक पुस्तकं आणि गाइडं, मग त्याच यंत्रणेवर कविता-कथा. खिळे जुळवणारे कंपोझिटर गेले, संगणकावर पानं जुळवणारं डीटीपी आलं, तीनशे प्रतीही काढता येऊ लागल्या. २०१० च्या यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) नियमांनी प्राध्यापकांच्या बढतीसाठी आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, असलेल्या पुस्तकांना गुण दिले आणि पैसे घेऊन पुस्तक काढून देणाऱ्यांचा बाजार तेजीत आला. निवड करणारा आणि पैसे घालणारा एकच असण्याची फडणिसांची रीत इथे पार उलटली. पैसे लेखकाचे, त्यामुळे नाही म्हणण्याचं कारणच कुणाला उरलं नाही.

स्वखर्चाने पुस्तक काढण्यात कमीपणा नाही, हे मी मनापासून म्हणतो. स्थानिक इतिहास, कुलवृत्तांत, एखाद्या गावाच्या ओव्या यांना दुसरी वाट नसते. पण आपण प्रकाशक शोधतोय की छपाई करून घेतोय, हे लेखकाला कळलं पाहिजे. पुस्तक सोळा पानांच्या फॉर्ममध्ये छापतात, म्हणून कवितासंग्रह ८०, ९६, ११२ पानांचे दिसतात. नव्वद पानांचा मजकूर असेल तर सहा कोऱ्या पानांचा कागदही आपल्या बिलात येतो. आयएसबीएन केंद्र सरकारची राजा राममोहन रॉय संस्था विनामूल्य देते, लेखक स्वतःही अर्ज करू शकतो. त्याचे वेगळे पैसे कोणी लावत असेल तर ते कशाचे, हे विचारावं.

माझ्या पहिल्या कथासंग्रहाच्या वेळी मी हे काहीच विचारलं नव्हतं. पाचशे प्रतींचे पैसे भरले, दोनशे मिळाल्या. बाकीच्या ‘वितरणात आहेत’ असं तीन वर्षं ऐकत राहिलो. दुसरी आवृत्ती दुसरीकडून काढायची म्हटलं तर पानांची फाइलही माझ्याकडे नव्हती, आणि आमच्यात काय ठरलं होतं ते सांगणारा एक चिटोराही नव्हता. सगळं पुन्हा टाइप केलं.

खरं तर कायदा लेखकाच्या बाजूने बराच उभा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशीच द्यावा लागतो, तोंडी बोलण्याने हक्क जात नाही. कोणते हक्क, किती काळ, कुठल्या प्रदेशासाठी आणि मोबदला किती, हे त्यात लिहायचं असतं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. प्रकाशकाने हक्क घेऊन वर्षभर काहीच केलं नाही, तर करारात वेगळं लिहिलेलं नसल्यास हक्क लेखकाकडे परत येतो. २०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक भर घातली, की करार झाला तेव्हा जे माध्यम वापरात नव्हतं त्याचे हक्क स्पष्ट उल्लेखाशिवाय दिले असं होत नाही. किंडलवर मराठी पुस्तकं २०१६ च्या डिसेंबरात आली, मराठी ऑडिओबुकंही त्याच सुमाराला रुळली. म्हणून नव्या करारात ‘सर्व माध्यमांतील सर्व हक्क, कायमस्वरूपी’ अशी ओळ दिसली की थांबावं. छापील आवृत्तीचे हक्क ठरावीक वर्षांसाठी द्यावेत, ई-बुक, ऑडिओ, अनुवाद आणि नाट्यरूपांतर यांची स्वतंत्र कलमं मागावीत. रॉयल्टी साधारण दहा टक्क्यांच्या आसपास असते, पण ती छापील किमतीवर की विक्रीच्या रकमेवर, हे लिहून घ्यावं. वितरकाची सवलत मोठी असल्याने या दोन आकड्यांत बराच फरक पडतो.

प्रकाशकाबरोबर काम करणं मात्र करारावर संपत नाही. खानदेशी लेखकाचं खरं दुखणं प्रुफात असतं. बहिणाबाईंची लेवा बोली आणि तापी-पांझराकाठची अहिराणी, दोन्हींतले शब्द पुण्याच्या मुद्रितशोधकाला चुका वाटतात. त्यात त्याचा दोष नाही, त्याला कुणी सांगितलेलं नसतं. शिरपूर तालुक्यातल्या एका शिक्षकांनी अहिराणी संवाद असलेल्या कथा दोन वर्षांपूर्वी पुण्याला पाठवल्या. पहिल्या प्रुफात ‘आठे’चं, म्हणजे ‘इथे’चं, ‘आठवे’ झालं होतं, ‘तठे’ जागोजागी ‘तेथे’ झालं होतं. सर चिडले होते, पुस्तक परत मागवायला निघाले होते. मी म्हटलं, “सर, आधी शब्दांची यादी पाठवा.” त्यांनी चार पानं भरून यादी केली, प्रत्येक शब्दापुढे अर्थ आणि तो जसा आहे तसाच ठेवण्याची विनंती. संपादकबाईंचा फोन आला, तासभर बोलल्या आणि ती यादी पुस्तकाच्या शेवटी शब्दार्थ म्हणून छापायची का, असं त्यांनीच विचारलं. दुसरं प्रूफ आलं तेव्हा सर ते घेऊन माझ्याकडे जळगावला आले. आम्ही दोघांनी मोठ्याने वाचत पान पान तपासलं. सगळे ‘आठे’ आणि सगळे ‘तठे’ जागच्या जागी होते.