ओठ उचलून बघा

हर्णैच्या किनाऱ्यावर मासळीचा लिलाव सुरू झाला की कोळीवाड्यातल्या बायांचा दिवस त्या लिलावाच्या वेळेवर चालतो. पाट्या भरायच्या, गाडी गाठायची, बाजारात बसायचं. दीड वर्षाचं पोर घरी आजीकडे, नाहीतर आठ वर्षांच्या ताईकडे. ते रडलं की हातात बिस्किट, आणखी रडलं की बशीत चहा. रात्री आई दमून आडवी होते आणि साखर घातलेल्या दुधाची बाटली पोराच्या तोंडातच राहते. यात आईची हयगय अजिबात नाही. तिच्याकडे उरलेला वेळच तेवढा असतो. दातांविषयी सांगायला जाणाऱ्याने आधी हा दिवस समजून घ्यावा, असं मला मनापासून वाटतं.

कीड म्हणजे दातात शिरलेला किडा, असं अजून अनेक घरांत मानतात. खरं तर तोंडातले जंतू साखर खातात आणि आम्ल तयार करतात. दातावरच्या चिकट थराचा सामू (pH; तो जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली उतरला की दाताच्या कडक आवरणातले कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळू लागतात. लाळ ते आम्ल हळूहळू निववते आणि गेलेले क्षार पुन्हा दातात बसवते. या कामाला तिला अर्धा-पाऊण तास लागतो, कधी त्याहून जास्त. म्हणून जेवणाबरोबर खाल्लेला एक लाडू दाताला फारसा जड जात नाही; तासातासाला मिळणारं अर्धं बिस्किट जड जातं, कारण लाळेला सावरायला उसंतच राहत नाही. झोपेत तर लाळ जवळजवळ आटते. त्या वेळी तोंडात साचलेलं गोड दूध रात्रभर दातांवर काम करत राहतं. दुधाच्या दातांचं आवरण पक्क्या दातांपेक्षा पातळ, त्यामुळे कीड लवकर खोल जाते.

सुरुवात बहुधा वरच्या पटाशीच्या दातांवर, हिरडीलगत होते. खालच्या दातांवर जिभेचं पांघरूण असतं आणि लाळही तिथे भरपूर, म्हणून ते बरेचदा वाचतात. पहिली खूण काळी नसते, खडूसारखी पांढरी रेघ असते. वरचा ओठ अंगठ्याने उचलल्याशिवाय ती दिसत नाही. या टप्प्यावर खड्डा पडलेला नसतो, दात परत सावरू शकतो. आयांना एकच गोष्ट शिकवायची वेळ आली तर मी हीच शिकवेन: पोराचं डोकं मांडीवर घ्या, उजेडाकडे तोंड करा, ओठ उचला.

‘दुधाचेच दात ते, पडणारच आहेत,’ हे उत्तर हमखास येतं. पण दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. दुखऱ्या दाढेने पोर भाकरी चावत नाही, रात्री झोपत नाही. दाढ लवकर गेली तर शेजारचे दात सरकतात आणि पक्क्या दाताची जागा जाते.

हे सगळं भाषणातून पोहोचतं का? कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात पंजाबी स्थलांतरित कुटुंबांतल्या २४० बाळांवर एक अभ्यास झाला. काही आयांना नुसतं पत्रक आणि चित्रफीत मिळाली. बाकीच्यांशी त्याखेरीज कुणीतरी बसून बोललं: तुम्हाला काय जमेल, असं विचारलं, त्यांनीच निवडलेल्या एक-दोन गोष्टींचा पुढे फोनवरून पाठपुरावा केला. २००४ मध्ये निष्कर्ष आले. वर्षभरात पहिल्या गटातल्या मुलांना सरासरी १.९१ ठिकाणी नवी कीड लागली, दुसऱ्या गटात ०.७१ ठिकाणी. नंतरच्या सगळ्या अभ्यासांत इतका फरक दिसला नाही. तरीही आईला आधी विचारावं, हे मला पटतं. रात्रीची बाटली एकदम सुटत नसेल, तर साखर कमी करत करत शेवटी नुसतं पाणी, एवढं ती ठरवू शकते. अंगावरचं दूध मात्र तोडायला सांगू नये.

पेस्ट किती, हे कोकणात समजावणं सोपं आहे: तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे वाटाण्याएवढी. ट्यूबवर फ्लोराइड लिहिलेलं हवं, आणि ब्रश मोठ्या माणसाच्या हातात. पहिला दात दिसल्यापासून रोज दोनदा, त्यातलं एकदा झोपण्यापूर्वी. मिश्री तंबाखूचीच असते. ती बाळाच्या हिरडीला बोटभरही लावू नये.

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत मुलं तपासतात, त्यात दातही येतात. पण आईशी निवांत बोलायला वेळ शोधावा लागतो. कोळीवाड्यात तो जून-जुलैत सापडतो, मासेमारी बंद असताना. रायगडातल्या कातकरी वाड्यांवर मात्र गणित उलटं: दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावरच परततात. त्यांच्या पोरांचे ओठ उचलून बघायचे तर भातकापणी संपायच्या आत वाडीवर जायला हवं, नाहीतर थेट भट्टीवर.