संगणक आपोआप रिस्टार्ट होणे

घरचा संगणक कोणी न सांगता मध्येच बंद पडून लगेच पुन्हा चालू होणे. पडद्यावरचे काम क्षणात जाते, पंख्याचा आवाज एकदा तुटतो आणि कंपनीचे चिन्ह दाखवत यंत्र पहिल्यापासून उठते. कारण भिंतीतल्या सॉकेटपासून विंडोजमधल्या एखाद्या ड्रायव्हरपर्यंत (यंत्राचा एखादा भाग चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रामपर्यंत) कुठेही असू शकते, त्यामुळे दुरुस्तीपेक्षा निदानातच जास्त वेळ जातो. आपल्याकडच्या दुकानांत या तक्रारीवर ‘फॉरमॅट मारू’ हे उत्तर तयार असते. ते शेवटी यायला हवे. विंडोज नव्याने टाकल्याने घरातली वीज सुधारत नाही, खराब रॅमही सुधारत नाही. उलट आधीच्या बिघाडांच्या नोंदी मात्र पुसल्या जातात, आणि निदानासाठी त्यांच्याइतके उपयोगी दुसरे काही नसते.

तक्रारीचे स्वरूप. ‘सीपीयू सारखा बंद होतो’ असे सांगणाऱ्याच्या मनात चार वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात. (आपल्याकडे अख्ख्या डब्यालाच सीपीयू म्हणतात, खरा सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, आत पंख्याखाली असतो.) यंत्र जागच्या जागी गोठले आणि बटण दाबूनच बंद करावे लागले, तर ते हँग होणे. बंद पडून बंदच राहिले, तर संशय उष्णतेवर किंवा वीजपुरवठ्यातल्या संरक्षक सर्किटवर जातो. विंडोज पूर्ण सुरू होण्याआधीच पुन्हापुन्हा पहिल्यापासून उठत असेल, तर ड्रायव्हर, डिस्क किंवा अर्धवट झालेला अपडेट पाहावा. काम चालू असताना मध्येच उडून परत चालू होत असेल, तरच या नोंदीतला मुख्य बिघाड समजावा.

हा भेद समजला की ‘गरम होऊन रिस्टार्ट होतो’ हे आवडते निदान बऱ्याच वेळा गळून पडते. आधुनिक प्रोसेसर १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचला की आधी स्वतःचा वेग कमी करतो. तापमान त्याहीपुढे गेले, तर तो मदरबोर्डला, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट बोर्डाला, वीज तोडायला लावतो. अशा वेळी यंत्र सहसा बंदच राहते. मध्येच उडून दोन सेकंदांत परत उठणारे यंत्र दिसले की पहिली नजर विजेवर ठेवावी.

वीज. भारतात घरगुती वीज २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची असते. म्हणजे तिचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे. संगणकातला एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, ही वीज १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या एकदिश विजेत बदलतो. त्यातल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये थोडी वीज साठलेली असते. संगणकाच्या वीजपुरवठ्यासाठीच्या एटीएक्स मानकाच्या हिशोबाने ती साधारण १६-१७ मिलिसेकंद पुरावी. म्हणजे चांगला एसएमपीएसही पुरते एक आवर्तन हुकले तर काठावर येतो, आणि सात-आठ वर्षे उन्हाळे काढलेला त्याआधीच हात टेकतो. पुरवठा ठीक आहे असे एसएमपीएस मदरबोर्डला एका वेगळ्या तारेवरून सतत सांगत असतो. त्या इशाऱ्याला ‘पॉवर गुड’ म्हणतात. तो क्षणभर जरी पडला, तरी मदरबोर्ड रिसेट होतो. घरातले दिवे तेवढ्या वेळात डोळ्यांना जाणवेल इतके मिचकावतीलच असे नाही. म्हणून ‘लाईट तर गेलीच नव्हती’ हे घरच्यांचे म्हणणे खरे असूनही पुरावा म्हणून कच्चे ठरते.

फ्रीजचा कॉम्प्रेसर किंवा पाण्याची मोटर सुरू होण्याच्या क्षणी व्होल्टेज खाली येते. संगणक नेमका त्याच वेळी उडत असेल, तर डबा उघडायचीही गरज नाही. आठवडाभर कागदावर वेळ टिपून ठेवली तरी नमुना दिसतो: सकाळी सोसायटीची मोटर लागते तेव्हा, दुपारी शेजारी वेल्डिंग चालते तेव्हा, की फक्त गेम खेळताना. जुन्या घरांत ढिले सॉकेट आणि एकाला एक जोडलेले एक्स्टेन्शन बोर्ड हाही मोठा घोळ असतो. संगणकाची पिन सॉकेटमध्ये डुगडुगत असेल, किंवा बोर्डाजवळ कान नेल्यावर बारीक चरचर ऐकू येत असेल, तर आधी वायरमनला बोलवावे.

इन्व्हर्टर असलेल्या घरांत एक गोष्ट हमखास राहून जाते. बहुतेक घरगुती इन्व्हर्टरच्या मागे किंवा बाजूला एक छोटा खटका असतो: एका बाजूला ‘यूपीएस’, दुसऱ्या बाजूला ‘नॉर्मल’ किंवा ‘इको’. नॉर्मलवर इन्व्हर्टर व्होल्टेजचे मोठे चढउतार खपवून घेतो आणि वीज गेल्यावर बॅटरीवर यायला जास्त वेळ घेतो. पंखा आणि ट्यूबला त्याचे काही वाटत नाही, संगणक मात्र तेवढ्यात उडतो. यूपीएसकडे केले की बदल सुमारे १० मिलिसेकंदांच्या आसपास होतो आणि संगणक तग धरतो. इन्व्हर्टर बसवून जाणारा माणूस हा खटका सहसा नॉर्मलवर ठेवून जातो, आणि पुढची दोन वर्षे घरचे लोक संगणकाला शिव्या देतात.

वेगळा यूपीएस असला म्हणजे निर्धास्त, असेही नाही. ६०० व्हीएच्या नेहमीच्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची सीलबंद बॅटरी असते आणि आपल्या हवेत ती दोन-तीन वर्षांत थकते. थकलेली असतानाही यूपीएसचा हिरवा दिवा लागलेलाच असतो, कारण बाहेरची वीज तो तशीच पुढे पाठवत असतो. बिंग फुटते ते वीज गेल्यावर. तपासायचे असेल तर सगळे काम सेव्ह करून भिंतीवरचे बटण बंद करावे. प्लग उपटू नये, त्याने अर्थिंगही तुटते. संगणक त्याच क्षणी उडाला तर बॅटरी बदलायला झाली. शिवाय ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हेत. अशा यूपीएसची खरी क्षमता बहुधा ३६० वॅटच्या आसपास असते. मोठे ग्राफिक्स कार्ड किंवा लेझर प्रिंटर त्यावर लावला, तर ऐन वेळी यूपीएसच मान टाकतो.

कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात, हीही जुन्या चाळी-वाड्यांतली नेहमीची तक्रार. एसएमपीएसच्या तोंडाशी असलेल्या फिल्टरमुळे अर्थिंग नसलेल्या कॅबिनेटवर पुरवठ्याच्या जवळपास निम्मे व्होल्टेज दिसू शकते. प्रवाह अगदी थोडा असतो म्हणून नुसत्या मुंग्या येतात. रिस्टार्टचे हे थेट कारण असेलच असे नाही, पण तिसऱ्या पिनला अर्थ नाही एवढे त्यावरून कळते आणि ते दुरुस्त करणे केव्हाही निकडीचे.

डब्याच्या आत. उघडण्यापूर्वी प्लग काढून पाचेक मिनिटे थांबावे. एसएमपीएसचा डबा मात्र घरी कधीही उघडू नये. २३० व्होल्टची वीज एकदिश झाल्यावर आतल्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ टिकतात. त्याच्या जाळीतून आत गेलेली पाल कधीकधी शॉर्ट होऊन यंत्र बंद पाडते, पण तीही दुकानातल्या माणसालाच काढू द्यावी.

कॅबिनेटबरोबर ‘फुकट’ आलेल्या एसएमपीएसवर ४५० वॅटचे लेबल असले तरी त्यावर विश्वास टाकू नये. मल्टिमीटरने पिवळ्या तारेवर ११.४ ते १२.६ व्होल्ट दिसले म्हणजे मानकात बसले, हे खरे. पण साधा मल्टिमीटर क्षणाचा खड्डा दाखवत नाही, आणि संगणक त्या क्षणाच्या खड्ड्यानेच उडतो. म्हणून मित्राचा चांगला एसएमपीएस दोन दिवस लावून पाहणे हीच खरी चाचणी. ग्राफिक्स कार्ड भाराखाली सेकंदाच्या सूक्ष्म अंशापुरती आपल्या ठरलेल्या गरजेच्या कितीतरी जास्त वीज ओढते. २०२२च्या एटीएक्स ३.० मानकाने तर १०० मायक्रोसेकंदांपुरता दुप्पट भार सोसण्याची अट एसएमपीएसवर घातली. गेम सुरू झाल्यावरच रिस्टार्ट होणारे यंत्र बहुधा इथे अडकलेले असते.

मदरबोर्डवर प्रोसेसरच्या आजूबाजूला उभे छोटे पिंप असतात, ते कपॅसिटर. त्यांच्या पत्र्याच्या माथ्यावर फुलीसारखी खाच असते. माथा सपाट हवा. तो फुगला असेल, खाचेतून तपकिरी खपली आली असेल, तर बोर्ड गेल्यात जमा. २०००च्या दशकाच्या पूर्वार्धात सदोष इलेक्ट्रोलाइटचे असे कपॅसिटर जगभर लाखो बोर्डांवर बसले आणि दोन-तीन वर्षांत फुगले. त्या काळातल्या यंत्रांच्या ‘आपोआप रिस्टार्ट’चे हे अगदी ठरलेले कारण होते. नव्या बोर्डांवर घन कपॅसिटर असतात, त्यामुळे आता हे दृश्य दुर्मीळ.

रॅम खराब असेल तर रिस्टार्टच्या वेळेत काही ताळमेळ नसतो: आज ब्राउझरमध्ये, उद्या काहीच चालू नसताना. विंडोजमधले ‘मेमरी डायग्नोस्टिक’ किंवा पेनड्राइव्हवरून चालणारे ‘मेमटेस्ट८६’ रात्रभर लावून ठेवावे; एकही चूक निघाली तर ती दुर्लक्ष करण्याजोगी नसते. दोन पट्ट्या असतील तर एकेक काढून पाहावे. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उठणाऱ्या, मदरबोर्डवरच्या प्रोग्राममध्ये) रॅमचा वाढीव वेग चालू केला असेल तर आधी तो बंद करावा. रॅमच्या सोनेरी दातांवर खोडरबर फिरवणे हा आपल्या दुरुस्तीवाल्यांचा पेटंट उपाय. गुण येतो, पण बऱ्याचदा तो पट्टी काढून पुन्हा घट्ट बसवल्याचा असतो. त्या दातांवरचा सोन्याचा थर फार पातळ असतो. घासायचेच असेल तर हलक्या हाताने, आणि चुरा झटकून.

उष्णतेचा विषय पूर्ण सोडून देता येत नाही. इंटेलच्या नेहमीच्या कूलरला (प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या पंख्याच्या जोडणीला) चार प्लॅस्टिकचे पाय असतात आणि तो ‘टक’ आवाज येईपर्यंत दाबून बसवायचा असतो. चारपैकी एक पाय सुटला तरी वरून सगळे ठीक दिसते, पंखा फिरतो, पण कूलर एका कोपऱ्यात उचललेला असतो. बोटाने हलवून पाहिले की लगेच कळते. धूळ ब्रशने काढावी, आणि ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरावीत. कूलर उचललाच तर थर्मल पेस्ट नवी लावावी.

समोरचे रिसेटचे बटण हा कोणाच्याच संशयितांच्या यादीत नसलेला इसम. ते धुळीने किंवा गंजाने अर्धवट चिकटले की कोणी न दाबता दाबले जाते. त्याची दोन तारांची छोटी पिन मदरबोर्डवरून काढून ठेवावी आणि दोन दिवस पाहावे, खर्च शून्य. याउलट मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल बदलून या बिघाडात क्वचितच फरक पडतो. तो गेला तर घड्याळ आणि बायोसची मांडणी जाते, एवढेच.

विंडोजची साक्ष. विंडोजमध्ये गंभीर चूक झाली की पूर्वी निळा पडदा येत असे. २०२५पासून विंडोज ११मध्ये तो काळा झाला. घरच्या माणसाला तो दिसतच नाही, कारण ‘चूक झाल्यावर आपोआप रिस्टार्ट करा’ ही खूण मुळातच लावलेली असते. सिस्टिम प्रॉपर्टीजमध्ये ‘ॲडव्हान्स्ड’ आणि तिथून ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’ उघडून ती काढावी. पुढच्या वेळी पडदा थांबून राहिला आणि कोणती चूक झाली तिचे नाव त्यावर आले, तर बिघाड विंडोजच्या नजरेत आलेला आहे. मोबाईलवर फोटो काढून ठेवावा. खूण काढल्यावरही यंत्र पडदा न दाखवता उडाले, तर विंडोजला काही कळायच्या आतच वीज गेली किंवा बोर्ड रिसेट झाला.

विंडोजच्या ‘इव्हेंट व्ह्यूअर’मधल्या सिस्टिमच्या नोंदींत हेच लेखी मिळते. कर्नेल-पॉवर ४१ या क्रमांकाची नोंद पाहून लोक घाबरतात, पण ‘मागच्या वेळी मी नीट बंद झालो नव्हतो’ यापलीकडे ती फारसे काही म्हणत नाही. तिच्या तपशिलात ‘बगचेक कोड’ (विंडोजला कळलेल्या चुकीचा क्रमांक) शून्य असेल तर संशय पुन्हा विजेकडे वळतो. ६००८ म्हणजे अनपेक्षित बंद. १०७४ मात्र वेगळी: ती असेल तर कोणत्यातरी प्रोग्रामने रीतसर रिस्टार्ट मागितला होता आणि त्याचे नावही तिथे असते. बहुधा तो विंडोज अपडेट निघतो. रात्री डाउनलोडला लावलेले यंत्र सकाळी नव्याने उठलेले दिसणे हा बिघाडच नव्हे. अपडेटच्या मांडणीत ‘ॲक्टिव्ह अवर्स’, म्हणजे आपल्या कामाचे तास, ठरवून द्यावेत.

व्हायरसवर संशय घेण्याची सवय आली ती २००३मध्ये. त्या ऑगस्टमध्ये ब्लास्टर नावाचा वर्म, म्हणजे नेटवर्कवरून आपोआप पसरणारा उपद्रवी प्रोग्राम, पसरला. त्याच्या हल्ल्याने विंडोज एक्सपीची एक सेवा कोलमडायची आणि पडद्यावर ६० सेकंदांची उलटी मोजणी सुरू होऊन यंत्र रिस्टार्ट व्हायचे. इंटरनेट जोडले की मोजणी सुरू, मग दुरुस्तीचा पॅच उतरवायचा कधी? पुढच्या वर्षी सॅसर या वर्मनेही तेच केले. एक्सपीच्या २००४मधल्या सर्व्हिस पॅक २ने फायरवॉल मुळातच चालू ठेवली आणि तो प्रकार ओसरला. आजचे उपद्रवी प्रोग्राम गुपचूप राहण्यातच फायदा पाहतात. यंत्र रिस्टार्ट करून ते स्वतःकडे लक्ष वेधून घेत नाहीत.

लॅपटॉप. बॅटरी असल्याने इथे बाहेरच्या विजेचा प्रश्न बराचसा सुटतो, आणि म्हणून चाचणीही सोपी. चार्जर काढून तासभर चालवावा, मग जमत असेल तर बॅटरी काढून फक्त चार्जरवर. एकाच स्थितीत उडत असेल तर दोषी सापडला. बॅटरी फुगून टचपॅड वर उचलले गेले असेल, तर चाचणी तिथेच थांबवून यंत्र बंद करावे आणि तसेच दुरुस्तीला न्यावे. बॅटरी टोचू किंवा दाबू नये.