अठरा पौंडांचं महाकाव्य

२७ एप्रिल १६६७ रोजी लंडनमध्ये कवी जॉन मिल्टनने सॅम्युअल सिमन्स या मुद्रकाशी करार केला. ‘पॅरडाइज लॉस्ट’ या महाकाव्याचं हस्तलिखित सिमन्सच्या हवाली, बदल्यात पाच पौंड रोख आणि पहिल्या आवृत्तीच्या १३०० प्रती खपल्या की आणखी पाच. पुढच्या दोन आवृत्त्यांनाही हाच हिशेब. मिल्टनची दृष्टी जाऊन तेव्हा पंधरा वर्षं झाली होती.

सिमन्सला लुटारू ठरवायची घाई नको. मुळात पुस्तकावर लेखकाचा हक्क असतो, ही कल्पनाच तेव्हाच्या कायद्यात नव्हती. १५५७ साली राणी मेरीने लंडनच्या मुद्रक आणि पुस्तकविक्रेत्यांच्या संघाला, म्हणजे स्टेशनर्स कंपनीला, सनद दिली. सरकारला राजद्रोही आणि धर्मबाह्य पुस्तकं बंद हवी होती, धंदेवाल्यांना स्पर्धा नको होती, दोघांचं जमलं. सभासदाने कंपनीच्या नोंदवहीत पुस्तकाचं नाव घातलं की ती ‘कॉपी’ त्याची. कॉपीराइटमधली ‘कॉपी’ हीच. मालक मेला तरी हक्क वारसांकडे जाई. लेखक हस्तलिखित विकून मोकळा.

राजा आणि संसद यांच्यातल्या यादवी युद्धात ही पकड सैल झाली, पण १६४३ मध्ये संसदेनेच छपाईआधी परवानगी घ्यायची सक्ती परत आणली. त्याविरुद्ध मिल्टनने १६४४ मध्ये ‘अ‍ॅरिओपॅजिटिका’ हे पत्रक काढलं, तेही परवानगी न घेता! उपयोग शून्य. राजेशाही परतल्यावर १६६२ च्या कायद्याने लंडनमधल्या छापखानेवाल्यांची संख्या वीसवर आणायचं ठरवलं. देखरेखीला नेमलेल्या रॉजर लेस्ट्रेंजने १६६३ मध्ये जॉन ट्विन या मुद्रकाच्या छापखान्यावर रात्री धाड घातली. दार उघडेपर्यंत ट्विनने जुळवलेले अक्षरांचे खिळे मोडून टाकले होते. पण राजद्रोही पुस्तकाचे छापलेले कागद सापडलेच. लेखकाचं नाव त्याने सांगितलं नाही. १६६४ मध्ये त्याला फाशी झाली.

अशा दिवसांत ‘पॅरडाइज लॉस्ट’ परवाना अधिकारी टॉमकिन्सच्या टेबलावर गेलं. ग्रहण लागलं की राजे धास्तावतात, अशा अर्थाच्या ओळींवर तो अडला, असं सांगतात. अखेर परवानगी मिळाली आणि ऑगस्टमध्ये नोंदवहीत पुस्तक सिमन्सच्या नावे चढलं. धंद्याचे दिवस वाईट होते. आदल्या वर्षीच्या लंडनच्या महाआगीत सेंट पॉल्स कॅथीड्रलच्या तळघरात विक्रेत्यांनी ठेवलेला पुस्तकांचा साठा जळून गेला होता. सिमन्सने किंमत तीन शिलिंग ठेवली आणि त्याच छापील प्रती शीर्षकाचं पान बदलून बदलून पुन्हा बाजारात आणल्या. (ही युक्ती आपल्याकडच्या वाचकांना वेगळी सांगायला नको.) दुसरे पाच पौंड मिल्टनला एप्रिल १६६९ मध्ये मिळाले. १६७४ मध्ये तो वारला. १६८० मध्ये त्याच्या विधवेने उरलेला सगळा हक्क आठ पौंडांना सोडून दिला. घरात आले एकूण अठरा पौंड.

खरी कमाई पुढे प्रकाशक जेकब टॉन्सनने केली. १६८३ मध्ये निम्मा हक्क, १६९० मध्ये उरलेला. मधे १६८८ साली त्याने मोठ्या आकाराची सचित्र आवृत्ती काढली, पाचशेहून अधिक वर्गणीदार आधी गोळा करून.

१६९५ मध्ये १६६२ चा तो परवान्याचा कायदा मुदत संपून गेला, तसे स्टेशनर्स हवालदिल झाले. नव्या कायद्यासाठी संसदेचे उंबरे झिजवताना त्यांनी लेखकांच्या बायकापोरांची ढाल पुढे केली. १७१० च्या कायद्यात लेखक खरोखरच हक्कदार ठरला: चौदा वर्षं, आणि तो हयात असेल तर आणखी चौदा. आधी छापलेली पुस्तकं मात्र २१ वर्षं तेव्हाच्या मालकांकडेच राहिली. १७१७ मध्ये चित्रकार नेलरने टॉन्सनचं व्यक्तिचित्र काढलं. त्यात त्याच्या हातात आहे ‘पॅरडाइज लॉस्ट’.